मेंबरला पाठवा

माझ्या डोक्यात नको तेच राहतं. बँकेच्या खात्याचा नंबर मी चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवलाय, आणि ती चिठ्ठी कुठल्या पर्समध्ये आहे हे दर वेळी धाकट्या मुलीला विचारते. गॅसचा नंबर स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलीनं लिहिला होता, तो रंगाऱ्यानं पुसला. तेव्हापासून गॅसवाला मला चेहऱ्यानं ओळखतो म्हणून घरात स्वयंपाक होतोय. पण भर झोपेत कुणी हलवून नुसतं 'नंबर?' म्हटलं, तर माझ्या तोंडून सत्त्याऐंशीच निघणार.

सत्त्याऐंशी हा मुरुमच्या बाजारातल्या सोसायटीच्या दुकानातला आमचा मेंबर नंबर. आमचा म्हणजे आमचा नव्हेच, हीच तर सगळी रड आहे.

घरात लग्नकार्य असलं, जेवणं उरकून सगळे सतरंजीवर लवंडले, की भाचरं मागं लागतात, ते सोसायटीचं सांग म्हणून. मी सांगते. ती पोट धरून हसतात. मला मात्र अजून त्यातल्या एकेकाचा संताप येतो. आईचा येतो, वडिलांचा येतो, मोठ्या काकांचा येतो आणि उंबऱ्यावर बसलेल्या त्या दोन वेण्यांच्या शहाण्या मुलीचा तर सगळ्यात जास्त येतो. ती मुलगी म्हणजे मी.

संस्थानाचं विलीनीकरण होऊन काही वर्षं झाली होती. निजामाचा सिक्का जाऊन कलदार रुपया आला होता, शाळेतली उर्दू जाऊन मराठी आली होती आणि त्यांच्या मागोमाग सहकार आला होता. माझे मोठे काका, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, माकणीच्या बाजूला आमच्या गावी शेती बघत. एकदा ते बैल बघायला म्हणून मुरुमच्या बाजारात आले. तिथं कुणीतरी त्यांना सहकारावरचं भाषण ऐकवलं, वर चहा पाजला, आणि काकांनी बैलाऐवजी सोसायटीचा हिस्सा विकत घेतला. बैल पुढच्या बाजारी आला. पण गावात ते परतले ते मेंबर होऊनच. आमच्या गावात तोवर पाटील होते, पुजारी होते, एक पेन्शनर होते. मेंबर कुणी नव्हतं. त्या दिवसापासून गाव काकांना मेंबर म्हणायला लागलं. 'मेंबर, पाणी आलं का मोटंला?' 'मेंबर, तंबाखू हाय का?' काकांचं मूळ नाव हळूहळू फक्त सातबाऱ्यावर उरलं.

पुढं वडिलांची बदली मुरुमच्या शाळेत झाली आणि आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेऊन तिथं राहायला आलो. काकांनी निरोप धाडला, आता सगळा माल आपल्या नंबरावर घ्यायचा.

व्यवस्था साधी होती. दुकानात माल घेताना नंबर सांगायचा. कारकून पावतीवर तो टाकायचा आणि जांभळा कार्बन लागलेली एक प्रत आपल्याला द्यायचा. वर्षाच्या शेवटी ज्याच्या नंबरावर जितकी खरेदी, त्या मानानं त्याला परतावा. कागदोपत्री त्याला लाभांश म्हणत, दुकानात डिव्हिडंड म्हणत आणि काका मुनाफा म्हणत. रक्कम काही फार नसे. पण आपण खाल्लेल्या साखरेतले थोडे पैसे वर्षानं परत येतात, ही कल्पनाच लोकांना भारी वाटायची. माणसं एकमेकांना नंबरानं ओळखायला लागली होती. बारा नंबरच्या घरी बारसं झालं, चाळीस नंबरचे सासरे आजारी आहेत, असं बायका रांगेत बोलत. मी दुकानात शिरले की कारकून चष्म्यावरून बघून म्हणायचा, "आली सत्त्याऐंशीची." पाढे पाठ व्हायच्या आधी मला तो आकडा पाठ होता.

आणि मुनाफा जायचा काकांना. कारण मेंबर ते.

म्हणजे असं बघा. बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला असलेल्या त्या पत्र्याच्या दुकानापर्यंत उन्हातान्हात चालत जाणार आई. रांगेत उभी राहणार आई. आमच्याच बोळाच्या तोंडाशी एक वाणी होता, कानडी मुलखातला, 'बर्री अक्का, बर्री' म्हणून हाक मारायचा, मुलांच्या हातावर चार फुटाणे ठेवायचा, त्याच्याकडं पाठ फिरवून जाणार आई. आणि वर्षाच्या शेवटी सभेला येऊन, अंगठा नव्हे, चांगली लफ्फेदार सही ठोकून पैसे घेणार काका. एका वर्षी त्यातून बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा आल्या. एका वर्षी तीन सेलची बॅटरी आली, ती काका भर दिवसाही खांद्याला अडकवून फिरत. एका वर्षी ते त्या पैशांत सोनारीच्या भैरवाला जाऊन आले आणि आमच्यासाठी पुडीतून गुलाल आणला. आई ती पुडी हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली. "वर्षभराची चहासाखर," ती म्हणाली, आणि पुडी देवापुढं ठेवली.

पण पैशाचं तिचं खरं दुखणं नव्हतं. दुखणं मालाचं होतं.

पावसाळ्यात तिथला गूळ पाझरायचा. तुरीच्या डाळीत खडे निघायचे. घासलेटाचं माप होतं, त्याला आतल्या बाजूनं पोचा आलेला, त्यामुळं बाटली कधी गळ्यापर्यंत भरायचीच नाही. आई पहिल्यांदा तक्रार घेऊन गेली तेव्हा मी तिच्याबरोबर होते. तिनं गुळाचं फडकं कारकुनापुढं उघडून धरलं.

"हा बघा गूळ. घरी पोचेपर्यंत निम्मा पिशवीनं खाल्ला."

"तक्रार मेंबरनं करायची, बाई. नियम आहे."

"मेंबर गावाकडं असतात."

"मग बोलवून घ्या."

"गुळासाठी?"

"गुळासाठी नियम वेगळा नाही. मेंबरला पाठवा."

आई फडकं बांधून परत आली. पुढं डाळीच्या वेळी तेच झालं, घासलेटाच्या वेळी तेच. कारकून वाईट माणूस नव्हता. त्याच्या घरीही तोच गूळ जात असणार. पण नियम सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जी शांतता यायची ती पाहून आईचं डोकं फिरायचं. मेंबरला पाठवा. आणि मेंबरनं त्या दुकानातली साखर कधी जिभेवर ठेवलेली नव्हती.

कुणी म्हणेल, मग बाईनं स्वतःचा वेगळा हिस्सा घ्यायचा. घेता येत नव्हता. एका चुलीला एकच हिस्सा, असा सोसायटीचा नियम होता. आमची चूल मुरुमात जळत होती आणि काकांची गावी, पण शेत एकत्र, घर एकत्र, म्हणून कागदावर चूल एकच. दुसरा नंबर हवा तर आम्ही वेगळे झालो असं लिहून द्यावं लागलं असतं. हे नुसतं ऐकून वडिलांच्या कपाळाला घाम यायचा. "लोक म्हणतील, गुळापायी भावाभावांच्या वाटण्या झाल्या."

"मग आहे तो नंबर माझ्या नावावर करा," आई म्हणायची. "मला मुनाफा नको. घेऊ देत त्यांना. मला फक्त त्या चष्मेवाल्यापुढं उभं राहून बोलता आलं पाहिजे."

"आणि दादांचं मेंबरपण काढून घ्यायचं? गाव त्यांना मेंबर म्हणतं."

"तुम्ही निदान माल कसा आहे ते तरी सांगा त्यांना."

"सांगतो की. योग्य वेळ बघून सांगतो."

माझे वडील फार सज्जन गृहस्थ होते आणि योग्य वेळ त्यांच्या आयुष्यात कधी आली नाही.

तर आईनंच का नाही सांगितलं? हे आताच्या मुलींना समजावता समजावता मी दमते. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे आमच्याकडं भाया. भायासमोर बाईनं पदर पुढं ओढायचा, त्याच्या सावलीत यायचं नाही आणि त्याच्याशी थेट बोलायचं नाही. भायानंही तिच्याशी बोलायचं नाही. भांडण नसतं, उलट मान असतो. पण घर म्हटल्यावर बोलावं तर लागतंच, म्हणून मध्ये एक मूल लागतं. आमच्या घरात ते मूल मी होते.

काका सभेसाठी आले की बाहेरच्या खोलीत बाजेवर बसत. आई आत, चौकटीआड. मी बरोबर मध्ये, उंबऱ्यावर. दोघांना एकमेकांचा शब्द न् शब्द ऐकू येत असे.

"पोरी, तुझ्या आईला म्हणावं, औंदा मुनाफा बरा आला."

"आई, औंदा मुनाफा बरा आला."

"काकांना म्हणावं, बरं झालं."

"काका, बरं झालं."

"म्हणावं, दुकान लई चांगलं चालवत्यात. सभेत म्या सोता उठून सांगितलं, मालाबद्दल आमची कायबी तक्रार न्हाय."

आत एक पातेलं आपटलं. त्याचं भाषांतर मी केलं नाही.

मग आईनं चहा पाठवला. मुद्दाम त्याच पाझरत्या गुळाचा. कप अर्धा झाल्यावर आतून प्रश्न आला, "काकांना विचार, गूळ कसा लागला म्हणावं."

"काका, गूळ कसा लागला?"

काकांनी विचार केला. "झकास. वाईच खारट लागला, पर सोसायटीचा म्हनल्यावर तसा असायचाच."

मला त्या वेळी माझ्या कामाचा केवढा अभिमान होता. दोघांमधला एकही शब्द माझ्यावाचून पलीकडं जात नाही, असं मला वाटायचं. तिथं रेडिओ ठेवला असता तरी काम भागलं असतं, हे मला कळायला पुष्कळ वर्षं लागली.

शेवटी आईनं स्वतःच्या डोक्यानं उपाय काढला. एका दसऱ्यानंतर तिनं सत्त्याऐंशी म्हणणं बंद केलं. सगळा माल बोळाच्या तोंडाशी, वाण्याकडून. तिचं गणित सरळ होतं. आपण होऊन भायांना काही सांगता येत नाही, पण त्यांनी विचारलं तर उत्तर देता येतं. नंबरावर खरेदी नाही झाली की मुनाफा घटेल. मुनाफा घटला की ते विचारतील. विचारलं की सांगायचं. वाण्यानं आनंदानं माझे फुटाणे दुप्पट केले. बाजारात कारकून भेटला तेव्हा त्यानं विचारलं, "सत्त्याऐंशीवाल्या बाई, हल्ली येणं नाही?" आई न थांबता म्हणाली, "मेंबरला विचारा." त्या दिवशी तिनं घरी येऊन शिरा केला.

वर्ष गेलं. सभा आली. काकांच्या हातावर जे पडलं त्यात बैलाच्या शिंगाला रंगसुद्धा आला नसता. सभेहून ते घरी आले ते गप्पच. आई चौकटीआड तयार बसली होती. मी उंबऱ्यावर तयार. आता विचारतील, मग विचारतील.

काकांनी काहीच विचारलं नाही. त्यांनी नुसतं बघायला सुरुवात केली.

दिवाळी तोंडावर आली होती, त्यामुळं आईनं घरातले सगळे डबे घासून अंगणात उन्हात पालथे घातले होते. काकांनी ते बघितले. मला महिन्यापूर्वी हिवताप येऊन गेला होता आणि मी मूळचीच काडी. काकांनी मला बघितलं. खुंटीवर वडिलांचा कोट होता, त्याची कॉलर आईनं उसवून उलटी करून शिवली होती. तो बघितला. मग जेवणं. काकांनी मला विचारायला लावलं, तुझ्या आईनं जेवण केलं का. आईनं आतून सांगितलं, मला आज जेवायचं नाही म्हणावं. चतुर्थी होती. चतुर्थी आहे हे घरात सगळ्यांना माहीत असतं म्हणून ते काही तिनं वेगळं सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण माझं काम दिलेला निरोप पोचवायचं, त्यात भर घालायचं नव्हे.

"काका, आई म्हणते, मला आज जेवायचं नाही."

एरवी चार भाकरी खाणाऱ्या काकांनी दुसरी भाकरी अर्धी टाकली. पोट भरलं म्हणाले. निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो जरा जास्तच वेळ ठेवला.

"विचारलं नाही," आई म्हणाली.

"पुढच्या खेपेला विचारतील," वडील म्हणाले.

चार-पाच दिवसांनी आमच्या बोळात गाडी शिरली. ज्वारीची पोती, तुरीच्या डाळीचं गाठोडं, भुईमुगाच्या शेंगा, काकूनं पाठवलेली चटणीची बरणी. गाडीच्या मागं दोरीनं बांधलेली एक दुभती शेळी. आणि पुढं काका, डोळे पाणावलेले. वाटेत प्रत्येक गावात कुणी ना कुणी विचारलं होतं, मेंबर, एवढं घेऊन कुणीकडं. काकांनी प्रत्येकाला खरं तेच सांगितलं होतं, की धाकट्याचे लई हाल चाललेत, वर्षभर किराणा भरला न्हाय त्यांनी.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते मुरुमभर झालं. हेडमास्तरांनी वडिलांना बाजूला घेऊन विचारलं, "मास्तर, घरी सगळं ठीक ना?" शेजारच्या काकूंनी वाटीभर आमटी आणून दिली आणि वाटी परत द्यायची घाई नाही म्हणाल्या. ज्याच्याकडून आम्ही वर्षभर पोतंभर माल उचलला होता, त्या वाण्यानंसुद्धा माझ्याकडं बघून 'पाप, पाप' केलं, म्हणजे त्याच्या कानडीत बिचारी, बिचारी. घरमालकीण शेळीवरून तणतणत होती, पण उपाशी भाडेकरूंना कसं बोलायचं म्हणून पुढं तीही गप्प झाली. आमच्या अब्रूचं असं खोबरं झालं, आणि प्रत्येक जण आमच्याशी इतक्या मायेनं वागत होता की कुणावर चिडायचीही सोय नव्हती.

वडील त्या दिवशी शाळेतून लवकर घरी येऊ शकले असते. आले नाहीत.

मुक्कामाला राहिलेले काका बाहेर बाजेवर बसले होते. मी उंबऱ्यावर जाऊन बसले. त्यांनी सुरुवात केली, "पोरी, तुझ्या आईला म्हणावं, कायबी लागलं तर..." तेवढ्यात आई आतून आली. पदर नाकापर्यंत ओढलेला, हातात पाण्याची बादली. ती सरळ अंगणात गेली, काकांकडं पाठ करून शेळीपुढं बसली, बादली टेकवली आणि शेळीशी बोलायला लागली.

"ऐक गं माय. ह्या घरात कुणी उपाशी न्हाय."

मी सवयीनं काकांकडं वळून तोंड उघडलं. "काका, ह्या घरात..."

"तू गप," आई म्हणाली. ते मात्र मला होतं.

"डबे पालथे होते ते धुतले होते म्हणून. जेवले नव्हते ती चतुर्थी होती. कोट उलटा शिवला कारण कापड चांगलं होतं. आणि पोरगी काडी आहे ती बापावर गेलीय, तिला तूप पाजलं तरी ती काडीच राहणार."

शेळी पाणी पीत होती. काका बाजेवर हलले. मग त्यांनीही शेळीकडं बघितलं आणि घसा साफ केला.

"मग शेळे, इचार तिला, नंबरावर माल का घेतला न्हाय."

"दुसरीकडं घेतला."

"का पर?"

मग आईनं सांगितलं. गूळ, डाळ, घासलेटाचं माप, सगळं. आवाज चढवला नाही. शेळीच्या पाठीवरून हात फिरवत एकेक गोष्ट सांगितली. "बोलायला गेलं तर म्हणतात मेंबरला पाठवा. मेंबर वर्षाकाठी एकदा येतात आणि सभेत उठून सांगतात, तक्रार न्हाय."

काका शेळीकडं वाकले.

"हे आधी का न्हाय सांगितलं म्हणावं."

"कुणाच्या तोंडानं सांगू?"

मी इतकी वर्षं उंबऱ्यावर झिजले होते. मला ते फार लागलं. शेळी येऊन एक दिवस झाला होता आणि तिच्यापुढं माझी ही किंमत.

"मग काय पायजे तिला, इचार."

"नंबर माझ्या नावावर करा."

काका उठले. बैलांजवळ गेले, एकाची माळ उगाच सारखी केली, दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारली. परत येऊन बसले. चहा झाला. बॅटरी मांडीवर घेऊन तिची काच धोतराच्या सोग्यानं पुसली. गावात एक पाटील, एक पुजारी, एक पेन्शनर आणि एक मेंबर होता, आणि त्यांतला एक कमी व्हायचा होता. मला तेव्हा एवढं काही कळलं नाही. मला वाटलं, काच खरंच मळलीय.

"घे म्हणावं नंबर," ते शेवटी शेळीला म्हणाले. "पर गावात कुनाला कळता कामा न्हाय. तिथं म्याच मेंबर."

"कळणार न्हाय म्हणावं," आई शेळीला म्हणाली.

संध्याकाळी वडील आले. अंगण, पोती, शेळी, सगळीकडं नजर फिरवून त्यांनी हळूच आईला विचारलं, "काय ठरलं?"

"शेळीला विचारा," आई म्हणाली.

नंबरावरचं नाव बदलायचा अर्ज गेला. सोसायटीच्या पंचांनी तो उलटसुलट करून बघितला. बाई मेंबर म्हणून त्यांना आवडत नव्हती, पण तसं म्हणायला कुणी तयार नव्हतं. एकानं म्हटलं की असं पूर्वी झालेलं नाही. त्या वेळी माझ्या वडिलांनी, माझ्या माहितीप्रमाणे आयुष्यात पहिल्यांदा, योग्य वेळ साधली. "बाई नको असं नियमात कुठं लिहिलंय, ते मला दाखवा," ते म्हणाले. कारकुनाला नियम पाठ होते. त्यानं मान हलवली, लिहिलेलं नाही. तिथंच नाव बदललं.

आई पुन्हा दुकानात जायला लागली. कारकून 'नंबर?' विचारी, ती सांगे, आणि तक्रार करायला गेली तर तो त्याच शांत चेहऱ्यानं म्हणे, "तुम्ही आता मेंबर आहात, तक्रार सभेत मांडा." म्हणजे परत वर्षभर थांबणं आलं. आईनं वर्षभर गूळ गाळून, डाळ निवडून, बाटल्या मोजून सगळं डोक्यात साठवलं. भाकरी थापताना तिचे ओठ हलायचे.

सभेला काकाही आले. गावातून ते दर वर्षी सभेला निघत, तसे या वर्षी निघाले नसते तर गावानं विचारलं असतं. दुकानातच, पोती भिंतीकडं सरकवून सतरंज्या घातल्या होत्या. काकांना सगळे सवयीनं 'या मेंबर' म्हणाले आणि पुढच्या ओळीत बसवलं. आई मागं, दाराजवळ, मला घेऊन. पन्नाससाठ पुरुषांत ती एकटी बाई.

अहवाल वाचला, जमाखर्च वाचला. मग चेअरमन म्हणाले, "मालाबद्दल कुणाची काही तक्रार?"

आई उठली. सगळ्या माना मागं वळल्या. काकांची तेवढी वळली नाही. त्यांचा पटका समोर, ताठ. पुरुषांपुढं ती बोलली असती, पंचांपुढं बोलली असती. त्या चष्मेवाल्याला तर तिनं खाऊनच टाकलं असतं. पण भाया समोर बसलेले असताना चारचौघांत आवाज काढायचा, हे तिच्या जिभेला जमेना. ती तशीच उभी राहिली. कुणीतरी खाकरलं. कारकुनानं चष्मा काढून पुसला.

"काही नसेल तर पुढचा विषय घेऊ," चेअरमन म्हणाले.

मला इतका राग आला. एवढं वर्ष, एवढी शेळी, सगळ्या गावात निघालेले धिंडवडे, आणि आता हिला तोंड उघडता येईना. मी तिचा पदर ओढला. शेवटी मीच बोलावं की काय, असं मनात आलं. सवय होतीच.

पुढच्या ओळीत काका उठून उभे राहिले.

"वाईच थांबा," ते चेअरमनना म्हणाले. "म्या भाईर जाऊन बसतो."

"का हो मेंबर? चहा यायचाय आत्ता."

"येऊ द्या. भाईर वारं हाय."

ते सतरंजीच्या कडेकडेनं, कुणाच्या पायावर पाय पडू न देता, दाराशी आले. आमच्याकडं बघितलं नाही. चपला घातल्या आणि पायरीवर, दुकानाकडं पाठ करून बसले. आईनं मला खांद्याला धरून दाराबाहेर ढकललं. "काका एकटे बसलेत. जा."

म्हणजे ज्याची इतकी वर्षं वाट बघितली, ते मला बघायला मिळालं नाहीच. अजून त्याचं दुःख आहे. मी जाऊन काकांच्या शेजारी बसले.

पत्र्याच्या आतून आईचा आवाज आला. आधी बारीक, दोन वाक्यांनंतर तिचा नेहमीचा. मग तो पत्र्यावर असा काही वाजायला लागला की रस्त्यानं जाणारा एक सायकलवाला पाय टेकून थांबला.

काका समोर बाजाराकडं बघत होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं. तरी त्यांनी मलाच विचारलं, "कुठवर आली?"

"डाळीवर."

"घासलेट?"

"अजून नाही."

काकांनी पटका काढून गुडघ्यावर ठेवला आणि मला भिंतीच्या बाजूला ओढलं.

"इकडं सावलीला सरक," ते म्हणाले. "येळ लागंल."